काटेवाला बाप

असा एक बाप तुमच्याही ओळखीत असणारच. मूल झालं की पेढ्यांच्या आधी ह्याच्या हातात वही येते. आमच्या चांदवडच्या नमुन्याच्या हातात वहीबरोबर काटाही आला, कारण तो बाजार समितीत एका कांदा व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. भरलेला ट्रॅक्टर भुईकाट्यावर, मग रिकामा ट्रॅक्टर, वजाबाकी, काटापट्टी. याखेरीज जगात काही सिद्ध होतं, हे त्याला मान्य नाही.

बाळ सारखं रडायचं. बाळंतिणीच्या स्तनांना चिरा पडलेल्या, बाळ अंगावर घ्यायची वेळ आली की ती डोळे मिटून घ्यायची. सासूबाई हळिवाचे लाडू वळत होत्या, मावशी "दूध पुरत नाही, वरचं सुरू करा" म्हणून दम देत होत्या, कुणी रेणुकामातेला नवस बोलून मोकळं झालं होतं. ह्यानं दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा घरी आणला. बाळ पिण्याआधी काट्यावर, प्यायल्यावर काट्यावर!

"काका, १८ ग्रॅम उतरलं." हे मला सकाळी जिन्यातच कळायचं. रात्री, "काका, आवक घटली." एकदा तर घामाघूम होऊन आला. पिऊन झाल्यावर बाळ १२ ग्रॅमनं कमी भरलं होतं! मधल्या वेळात बाळानं सू केली होती आणि काटापट्टीत तो रकाना नव्हता. जन्माचं वजन २ किलो ८००, सहाव्या दिवशी २ किलो ६२०. तो माझ्याकडे असा बघत होता, की राहिलेले १८० ग्रॅम मीच खिशात घातलेत.

सातव्या दिवशी आशाताई झोळीचा काटा घेऊन आल्या. (घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासायची ही रीत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी उभी केली, पुढे ती देशभरच्या आशांकडे आली.) ह्यानं वही पुढे केली. त्यांनी ती उशाखाली सरकवली आणि तीच उशी उचलून बाळंतिणीच्या पाठीशी लावली. बाळाचं पोट आईच्या पोटाला लावलं, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबल्या, मग जवळ घेतलं. हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. नुसतं टोक नाही, भोवतालचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे, म्हणाल्या. खोलीत गिळल्याचा आवाज आला. सगळे गप्प.

"सू किती वेळा करतो?"

"सहा-सात वेळा असेल. तो रकाना..."

"तोच बघायचा असतो. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतंच. दोन आठवड्यांत भरून येतं, नाही आलं तर दवाखान्यात दाखवू."

"म्हणजे चाळीतल्या कांद्याला घट धरतात तसं?"

"तसंच. फक्त कांदा परत वाढत नाही, भाऊ."

चौदाव्या दिवशी २ किलो ८४०. काटा दुकानात परत गेला. गावाला हायसं वाटलं. निदान मला तरी. त्याच आनंदात त्यानं मला वही बघायला दिली. आकडे मी भराभर उलटले. शेवटच्या रकान्यावर 'शेरा' लिहिलं होतं. 'पाजताना ती रडली. पाणी दिलं. दुसरं काय करायचं ते कळलं नाही.' खाली, रात्री ३.२०: 'ती भिंतीला टेकून झोपली. उठवलं नाही. बाळ मी धरलं. १ तास १० मि.'

मी वही मिटली.

"काका, तुमच्या ताईचं जन्माचं वजन किती होतं?"

"असेल अडीच-तीन किलो."

"असेल?" काटापट्टी नसलेल्या ट्रॅक्टरवाल्याला विचारतात, त्या आवाजात त्यानं विचारलं.

घरी बायको मेथी निवडत होती. आमची मुलगी आता ३१ वर्षांची आहे. मी उगाच विचारल्यासारखं विचारलं.

"दोन सहाशे पन्नास," ती मान वर न करता म्हणाली. "पाचव्या दिवशी दोन चारशे साठ. बारशाला परत भरलं होतं."

आणि एक जुडी माझ्याकडे सरकवली.