एक रोप, सतरा हात

जागतिक पर्यावरण दिन ५ जूनला असतो. महाराष्ट्रातल्या शाळा उघडतात १५-१६ जूनला, विदर्भात त्याहूनही उशिरा. म्हणजे इको क्लबने झाड लावायच्या मुहूर्तावर शाळेला कुलूप असतं, पोरं मामाच्या गावाला असतात आणि पाऊस फार तर कारवारपर्यंत आलेला असतो. नागपूर-चंद्रपूरकडे पारा चाळिशीच्या वर. पण वरून पत्र आलेलं असतं : वृक्षारोपण करावे, छायाचित्रे पोर्टलवर अपलोड करावीत, अहवाल आजच सादर करावा. मग शाळेजवळ राहणारी चार-पाच पोरं हाका मारून जमवायची, त्यांना गणवेश चढवायचा आणि भर उन्हात एक बिचारं रोप जमिनीत खोचायचं.

ही तारीख आपल्या पावसाला विचारून ठरलेली नाही. ५ जून १९७२ रोजी स्टॉकहोमला पर्यावरणावरची परिषद सुरू झाली, म्हणून हा दिवस. तिथला जून सुखाचा असतो, त्यांची काही चूक नाही. चूक आपली, कारण आपल्याकडे शहाण्या माणसाने ठरवलेली तारीख आधीपासूनच होती. कन्हैयालाल मुन्शी केंद्रात कृषिमंत्री असताना १९५० मध्ये त्यांनी वनमहोत्सव सुरू केला, तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा शाळा भरलेली असते, पाऊस पडत असतो, माती मऊ असते. एवढं सोयीचं असल्यामुळेच बहुधा तो मागे पडला.

आता तो फोटो. मधोमध मुख्याध्यापक, उजवीकडे शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, डावीकडे केंद्रप्रमुख, मागे माजी सरपंच आणि त्यांच्या मागे आजी सरपंच, कारण जागा उरली नाही. सगळ्यांचे हात एकाच रोपाला लागलेले. इतक्या हातांनी उचललं तर वडही उपटून येईल! रोप अर्थातच दिसत नाही. काळी पिशवी काढायची राहून जाते, ती मुळांसकट खड्ड्यात जाते. खड्डा मात्र ओळखीचा असतो. गेल्या वर्षी हाच होता, त्याच्या आदल्या वर्षीही हाच. दरवर्षी नवा खड्डा खणायचे श्रम वाचतात, हीही एक बचतच म्हणायची.

या सगळ्याला सरकारी नाव आहे राष्ट्रीय हरित सेना. केंद्राची योजना, २००१-०२ पासूनची, आपल्याकडे सामाजिक वनीकरण विभागामार्फत शाळांत पोचलेली. महाराष्ट्रात सेना म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कुठल्या गटाची? इथे तो प्रश्न नाही, कारण फोडाफोडी करण्याजोगं काही नाही. एका शाळेच्या क्लबला सुरुवातीला वर्षाला २,५०० रुपये मिळायचे, पुढे ते ५,००० झाले. त्यात खत, कुंपण, झाऱ्या, कुदळी आणि पर्यावरण, सगळं बसवायचं. हिशेबाला बसलं की लक्षात येतं, की मोठा खर्च फ्लेक्सवर झाला.

फ्लेक्सशिवाय कार्यक्रम होत नाही. ‘प्लास्टिकमुक्त शाळा, सुंदर शाळा’ असं ज्यावर छापलेलं असतं ते कापड नसतं, ते पीव्हीसी असतं. राज्यात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली, २०२२ साली देशभर एकदा वापरून फेकायच्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. फ्लेक्स दोन्ही बंद्या पचवून अजून गेटवर आहे. कार्यक्रम संपला की तो मुख्याध्यापकांच्या दुचाकीवर पावसाळाभर पांघरला जातो, तेव्हा पुनर्वापराचा मुद्दा तरी आपण मान्य करू.

‘टाकाऊतून टिकाऊ’ हे प्रदर्शन तर पालकांनी चालवलेलं असतं. रात्री साडेनऊला घरात घोषणा होते, की उद्या टाकाऊ वस्तू न्यायची आहे. घरात टाकाऊ काहीच सापडत नाही. मग बाबा स्टेशनरीवाल्याकडून आइस्क्रीमच्या काड्यांचं कोरं करकरीत पाकीट आणतात, आई पाण्याची बाटली विकत आणून ओतून रिकामी करते, आणि पहाटेपर्यंत टिकाऊ पेनस्टँड तयार होतो. तो दोन दिवस टिकतो. अकरावी-बारावीच्या मुलांचं याहून सोपं आहे. त्यांचा पर्यावरणाचा प्रकल्प इंटरनेटवर आयता मिळतो. कागदाच्या एका बाजूला रंगीत प्रिंट आणि वर पारदर्शक प्लास्टिकची फाईल. विषय : कागदाची बचत. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिकवा असं सांगितलं. ते शिकवलं जावं म्हणून सांगितलं होतं, बाइंडिंग करून घ्यावं म्हणून नव्हे.

शहरातल्या शाळांचा इको क्लब आणखी वेगळ्या अडचणीत आहे. त्यांच्याकडे माती नाही. पालकांनी तक्रार केली, की मुलांचे बूट चिखलात भरतात. झालं, संस्थेने दोन सुट्ट्यांत भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. उरलेल्या झाडांच्या बुंध्यांना सिमेंटचा गळपट्टा आवळला. आता पाऊस पडला की सगळं पाणी गेटमधून रस्त्यावर, रस्त्यावरून समोरच्या सोसायटीच्या तळघरात. आणि त्याच आवारात, त्याच ब्लॉकवर उभी राहून सातवी ब मधली मुलं ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे पथनाट्य करतात. जिरवायचं कुठे, हे संहितेत नसतं. क्लबची रोपं कुंड्यांत असतात, आणि कुंड्या मुख्याध्यापकांच्या दाराबाहेर असतात. बहुतेक पामच. सावली नाही, फळ नाही, पाखरू बसायला तयार नाही. पण पाहुणे आले की छान दिसतं.

पाहुण्यांचा सत्कार हल्ली पुष्पगुच्छाऐवजी रोप देऊन होतो. चांगली प्रथा. ते रोप पाहुण्यांच्या गाडीच्या डिकीत किती दिवस जगतं, यावर एखाद्या क्लबने प्रकल्प करायला हवा.

मागच्या अंगणात शाळेचे शिपाईमामा रोज सकाळी पालापाचोळा गोळा करून पेटवतात. उघड्यावर कचरा जाळायला हरित लवादाने २०१६ मध्येच मनाई केली आहे, साधा कचरा असला तरी ५,००० रुपये भरपाई. म्हणजे क्लबच्या वर्षभराच्या अनुदानाएवढी एका शेकोटीला. खतखड्डा आहे की, तो पुढच्या बाजूला आहे. चुना मारलेला, पाटी लावलेली, स्वच्छ. त्यात कचरा टाकला तर घाण होईल.

एवढं सगळं वाचून कुणा शिक्षकाला राग आला असेल, तर त्यांनी तो पोर्टलवर अपलोड करावा. राग येणं योग्यच आहे. हे सोंग त्यांनी हौसेने काढलेलं नाही. एकाच बाईंकडे पहिली-दुसरी, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीची यादी आणि इको क्लब. त्यात केंद्राच्या मिशन लाइफच्या सात विषयांचे सात दिवसांचे उपक्रम, रोजचा फोटो वेगळा. त्यांच्याकडून झाड मागितलेलं नाहीच, फोटो मागितला आहे, आणि त्यांनी तो वेळेत दिला आहे.

तरी एक गोष्ट जिथे जिथे मन लावून केली तिथे खरोखर चालते : परसबाग. हातपंपाचं सांडपाणी वळवून केलेले चार वाफे, कुंपणावर दोडका, कोपऱ्यात शेवगा. इथे घोषणा द्यावी लागत नाही, कारण पालक उगवला की तो खिचडीत जातो आणि कुणी लावला हे पोरं एकमेकांना ताटावर बसून सांगतात. शेवग्याची शेंग मोजून काढली जाते. कुणी चोरली तर वर्गात भांडण होतं. पामच्या कुंडीसाठी भांडण झाल्याचं कधी ऐकलंय?

मेमध्ये मात्र या परसबागेलाही पोर्टल वाचवू शकत नाही. दीड महिना शाळा बंद, पाणी घालायला नेमलेलं कुणी नाही. गावोगावी हे काम बिनबोभाट जी बाई करते, ती शाळेत खिचडी शिजवणारी स्वयंपाकीण असते, कारण तिचं घर जवळ असतं आणि वेल तिने लावलेला असतो. इको क्लबच्या फोटोत ती नसते. तिचं मानधन वर्षाला दहा महिन्यांचं आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीचं मिळत नाही.