वर बघू नका, खाली वाकू नका

कोथरूडमध्ये माणूस निवृत्त झाला की त्याच्यापुढे तीन वाटा असतात. पहाटे उठून म्हातोबाच्या टेकडीवर जायचं, सोसायटीच्या कमिटीवर जायचं, नाहीतर गच्चीवर भाजी लावायची. टेकडीवाले दिवसभर टेकडीबद्दलच बोलतात. कमिटीवाल्यांशी कोणी बोलत नाही. मी गच्ची निवडली.

आमची इमारत मयूर कॉलनीच्या जवळची. चार मजले, लिफ्ट नाही, आणि रिडेव्हलपमेंटची चर्चा इतकी जुनी की ती सुरू करणाऱ्यांची नातवंडं आता मीटिंगला येतात. गच्ची मात्र ऐसपैस. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराबद्दल वाचून मी पेटलो होतो. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचं भागू शकतं, हे त्यांचं सांगणं. आमच्या वाट्याची गच्ची अर्धा गुंठाही भरत नव्हती, पण आमचं कुटुंबही दोघांचंच. त्रैराशिक मांडून मी उत्तर माझ्या बाजूने काढलं.

रंगाच्या रिकाम्या बादल्या जमवल्या. रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडं आणली. कॉलनीतला पालापाचोळा झाडणाऱ्या मावशींकडून मागून घेतला, तेव्हा त्यांनी ‘साहेब बरे आहेत ना?’ असं वॉचमनला विचारलं. मग जीवामृत. देशी गाईचं शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती. यातली पहिली दोन मिळवणं अवघड जाईल असं मला वाटलं होतं; प्रत्यक्षात शेवटपर्यंत संघर्ष झाला तो बेसनासाठी. सौ.च्या मते ज्या पदार्थात गूळ आणि बेसन आहे तो माणसांनी खायचा असतो. तिने बेसनाच्या डब्यावर ‘नाचणी’ अशी चिठ्ठी लावली होती.

पुण्यात बाग करणारा माणूस पेपर उघडला की आधी धरणसाठा बघतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चारही भरली की साठा २९ टीएमसीच्या जरा वर जातो, हे मला नातवाच्या वाढदिवसाइतकं पाठ होतं. मे महिन्यात पाणीकपातीची बातमी आली की घरात तांदूळ धुतलेलं पाणी सोन्याच्या भावाने फिरे. पाहुण्याने अर्धा पेला पाणी टाकलं तर तो पेला मी जिन्याने वर नेत असे. पाहुणे कमी झाले. सौ. म्हणाली, बागेचा हा एक फायदा आहे खरा.

आता दुधीबद्दल. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. पांढरं, नाजूक आणि एका रात्रीचं. नर फूल लांब देठावर. मादी फुलाच्या खाली बोटभर लवदार दुधी आधीपासूनच धरलेला. परागीभवन झालं तर तो वाढतो, नाहीतर पिवळा पडून गळतो. आमच्याकडे गळायचे. तेव्हा मी स्वतःच या लग्नांचा भटजी झालो. अंधार पडता पडता जलरंगाचा बारीक ब्रश घेऊन वर जायचं, नर फुलातला पिवळा पराग उचलायचा आणि मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचा. हे करताना तोंडातून ‘हं, बस आता, हलू नकोस’ असं काहीतरी निघतंच. वाळत घातलेले कपडे काढायला आलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू एकदा ते ऐकून कपडे न काढताच खाली गेल्या. रात्री पाऊस आला. त्या भिजलेल्या कपड्यांचा खटला पुढे सोसायटीच्या सभेत माझ्यावरच चालला.

तर अशा ऐन बहरात माझी पाठ गेली. ओल्या मातीने भरलेली वीस लिटरची बादली पंचवीस किलोच्या खाली नसते, हे मला ठाऊक होतं. माझ्या मणक्याला त्या सकाळी कळलं. एमआरआय झाला. एल-४ आणि एल-५ या दोन मणक्यांमधली चकती बाहेर डोकावते आहे असं निघालं. डॉक्टर तरुण होते आणि चेहऱ्यावर दया होती. ‘काका, वाकायचं नाही, काही उचलायचं नाही, उकिडवं तर अजिबात बसायचं नाही.’ मी म्हटलं, ठीक आहे. मुळा, पालक, मेथी ही खालची भाजी सोडतो, वरची ठेवतो. मांडवावर दुधी आहे, दोडका आहे, कारलं आहे. तिथे वाकायचा प्रश्नच नाही.

महिन्याभरात चक्कर यायला लागली. हे डॉक्टर दुसरे. त्यांनी मान इकडेतिकडे वळवून पाहिली आणि सांगितलं, ‘मान मागे टाकून वर बघायचं नाही. शिडी, स्टूल विसरा.’

म्हणजे खाली वाकायचं नाही आणि वर बघायचं नाही. भाजी जगात या दोनच दिशांना लागते. मी घरी येऊन हे सांगितलं, तर सौ. कोथिंबीर निवडता निवडता म्हणाली, ‘मग समोर बघा. समोर मी आहे.’

बाग बंद करायची ठरल्यावर लोक भेटायला येऊ लागले. सेक्रेटरी आले ते आधी गांडुळांची चौकशी करून गेले. ते स्वाभाविकही होतं. गांडूळखत, सौरऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर महापालिका मिळकतकरात पाच टक्के सवलत देते, दोन असले तर दहा. आमच्या इमारतीची सवलत खाली खड्ड्यात माझी गांडुळं राबून मिळवत होती. ‘पाठीचं काय ते हळूहळू होईल हो,’ ते म्हणाले, ‘पण यांना शेण कोण घालणार?’ त्यानंतरच्या सभेत माझ्या मणक्याचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर होता. सोसायटीच्या इतिहासात कोणाच्या दुखण्याची इतक्या मनापासून चर्चा झालेली मला आठवत नाही.

वाटप मी रीतसर केलं. बादली कोणालाही फुकट पण मुलाखत घेऊन. ऊन किती तास येतं? मावा पडला तर काय कराल? पिठ्या ढेकूण ओळखता का? पहिल्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा म्हणाला, ‘काका, मोबाइलवर फोटो काढला की तो सांगतो.’ त्याला मी फक्त पुदिना दिला. मेला तरी दुःख नको आणि पुदिना मरत नाही. टोमॅटो वनाजकडच्या मेहुण्याकडे मेट्रोने गेले. सुरक्षा तपासणीत निंबोळी पेंडीची पिशवी उघडली गेली आणि तो डबा त्या दिवशी आमच्यापुरताच राहिला. कढीपत्ता काकूंनी मागितला. कपड्यांचं प्रकरण मिटवायची ही त्यांची पद्धत असावी म्हणून दिला.

उरला दुधी. तो तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी नेला. बाल्कनीला जाळी आहे, वेल चढेल म्हणाल्या. मी त्यांना दोन पानी सूचना लिहून दिल्या, आकृतीसह. ब्रशही दिला.

बाग गेल्याचं इतकं काही वाटलं नाही. वाटलं ते पुढे. कढीपत्ता काकूंकडे फोफावला. त्या त्याला वॉशिंग मशीनच्या शेजारी ठेवून नळाचं पाणी घालतात आणि एका शब्दानेही बोलत नाहीत. पुदिन्याने आयटीवाल्याचा मॉनिटर झाकला. दोन-चार जणांचे तरी फोन येतील, सल्ला विचारतील, म्हणून मी संध्याकाळी फोन मोकळा ठेवत होतो. कोणी विचारेना. शेवटी मीच जिना उतरून (उतरायला परवानगी आहे) तिसऱ्या मजल्यावर गेलो. जाळीवर पाच दुधी लटकत होते. पाच! माझ्या कारकिर्दीत एका वेळी दोनच्या वर कधी धरले नव्हते.

‘ब्रश रोज फिरवता ना?’ मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

‘कसला ब्रश? हां, तो होय! तो चिन्मय शाळेत घेऊन गेला, चित्रकलेला. अहो, रात्री भुरे भुरे पतंगे येतात ना, तेच करतात सगळं. घ्या, एक न्या की वर.’

तो दुधी सौ.ने चण्याची डाळ घालून केला. पुन्हा वाढायला आली तेव्हा मी नको म्हटलं. तिने पातेलं धरून माझ्याकडे बघितलं. दुधी मला लहानपणापासून आवडत नाही. आमचा होता तोवर तसं बोलायची सोय नव्हती.