काखेत ऑफसाइड

फुटबॉल बघणाऱ्या माणसाला न्याय हवा असतो, असा ज्यांचा समज झाला त्यांनीच ही व्हीएआरची भानगड सुरू केली. व्हिडिओ असिस्टंट रेफरी. मैदानापासून लांब एका खोलीत बसून पडद्यांवर सामना बघायचा आणि मैदानातल्या रेफरीच्या कानात बोलायचं, एवढंच त्याचं काम. मार्च २०१८मध्ये त्याला नियमांत अधिकृत जागा मिळाली आणि त्याच वर्षी रशियातल्या विश्वचषकात तो कामाला लागला. मॉस्कोतल्या त्या खोलीत ही मंडळी रेफरीचा पूर्ण गणवेश चढवून बसली होती. खुर्चीत बसून टीव्ही बघायला हाफ पँट आणि गुडघ्यापर्यंत मोजे कशाला लागतात, हे मला अजून कळलेलं नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगने त्याला ठेवून घेतलं. हीथ्रो विमानतळाजवळ स्टॉकली पार्क नावाची ऑफिसांची वसाहत आहे, तिथे त्याचं बिऱ्हाड लागलं. तेव्हापासून तिकडच्या स्टँडमधल्या माणसाचं आणि इकडे जागरण करणाऱ्याचं, दोघांचंही डोकं ठिकाणावर नाही.

माझा पुतण्या लिव्हरपूलचा. म्हणजे जन्म, शाळा, कॉलेज सगळं डोंबिवलीत. पण बोलताना तो ‘आम्ही’ म्हणतो ते लिव्हरपूलबद्दल. तिकडचा संध्याकाळचा सामना आपल्याकडे रात्री दहाला लागतो. गोल झाला की मी जुन्या वळणाने खुर्चीतून उठून ओरडतो. तो जागचा हलत नाही. नजर पडद्यावर ठेवून नुसता हात माझ्याकडे करतो आणि म्हणतो, “काका, थांबा. चेक चाललाय.” मग मी थांबतो. पडद्यावर गोल मारणाराही थांबलेला असतो. हात अर्धे वर, तोंड अर्धं उघडं, एक डोळा रेफरीवर. रेफरीने बोटं कानावर धरलेली. पन्नास-साठ हजार माणसं एका माणसाच्या कानाकडे बघत उभी. मंगलाष्टकं संपून अक्षता पडणार तेवढ्यात गुरुजींनी “जरा थांबा हं, मुहूर्त पुन्हा एकदा बघून घेतो” म्हणावं, तसं. बऱ्याचदा लग्न लागतंही. पण तोवर अक्षतांचा हात अवघडून गेलेला असतो. नंतर जो ओरडा होतो तो पावती मिळाल्याचा, गोल झाल्याचा नव्हे.

टीव्हीवर निदान काय चाललंय ते दिसतं. मैदानात पैसे मोजून बसलेल्याला तेही नाही. व्हीएआर आलं तेव्हा ओल्ड ट्रॅफर्ड आणि अ‍ॅनफिल्ड या दोन मोठ्या घराण्यांच्या मैदानांवर मोठा पडदासुद्धा नव्हता. म्हणजे समोर घडलेली गोष्ट खरी की खोटी, हे डोंबिवलीतल्या माणसाला आधी कळायचं आणि गोलपोस्टच्या मागे बसलेल्याला नंतर.

बरं, तपासायचं काय? सुरुवातीला कागदावर चारच गोष्टी होत्या: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड, आणि भलत्याच खेळाडूला कार्ड दिलं असेल तर ते. आणि चूक कशी हवी? उघड, ढळढळीत. अट फार शहाणपणाची आहे. पण ऑफसाइडला ती लागू नाही, कारण तिथे एकतर पुढे किंवा मागे. मधलं काही नसतं. आणि इथेच सगळा घोळ सुरू झाला. नोव्हेंबर २०१९मध्ये अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध लिव्हरपूलच्या फिर्मिनोने केलेला गोल रद्द झाला, कारण त्याची काख ऑफसाइड होती. काख! ज्याने गोल करता येतो असं कुठलंही अंग बचाववाल्याच्या पुढे गेलं की ऑफसाइड. हाताने गोल करता येत नाही म्हणून हात मोजायचा नाही. मग हात संपतो कुठे आणि खांदा लागतो कुठे, तर काखेपाशी. कायद्याच्या दृष्टीने सगळं बिनचूक. पुतण्याने त्या रात्री स्वतःची काख आरशात बघितली होती.

गंमत अशी की हे मोजमाप ज्या चित्रावर व्हायचं ते चित्रच मुळात ढोबळ. टीव्हीचा कॅमेरा सेकंदाला ५० चित्रं काढतो. भरधाव सुटलेला खेळाडू सेकंदाला नऊ-दहा मीटर पळतो. म्हणजे एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत तो जवळजवळ वीतभर पुढे गेलेला असतो. पास देणाऱ्याचा पाय चेंडूला नेमका कुठल्या चित्रात लागला, हे माणसाने ठरवायचं. आणि मग त्या वीतभर अंदाजावर एक लाल आणि एक निळी रेघ ओढून बोटभराचा निकाल द्यायचा. कतारच्या विश्वचषकात २०२२ साली यावर तोडगा निघाला. छताखाली १२ कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या अंगावरच्या २९ जागा टिपणारे; चेंडूच्या पोटात सेकंदाला ५०० वेळा खबर देणारा सेन्सर. तशा धर्तीची यंत्रणा प्रीमियर लीगमध्येही एप्रिल २०२५ला आली. रेघा आता यंत्र ओढतं. काख मात्र तीच.

हँडबॉलचं तर विचारूच नका. दहा कॅमेऱ्यांत चेंडू हाताला लागलेला दिसतो, पण तो हात तिथे कशाला गेला होता, हे एकाही कॅमेऱ्यात दिसत नाही. त्यातून स्लो मोशन लावलं की साधा पळणारा माणूसही मुद्दाम गुन्हा करताना दिसतो. २०१८चा विश्वचषक अंतिम सामना आठवा. क्रोएशियाच्या पेरिशिचच्या हाताला कोपऱ्यावरून आलेला चेंडू लागला. अर्जेंटिनाचे रेफरी पिताना मैदानाच्या कडेला ठेवलेल्या पडद्याशी गेले, बघितलं, निघाले, आणि दोन पावलांवरून परत फिरून पुन्हा बघितलं. जगभर कोट्यवधी लोक त्यांच्या पाठीकडे बघत होते. मग फ्रान्सला पेनल्टी. त्या परत फिरण्यात सगळं आलं. ढळढळीत चूक असती तर दुसऱ्यांदा बघावं लागलं नसतं.

पण या सगळ्यावर कडी झाली ती ३० सप्टेंबर २०२३ला. टॉटनहॅमच्या मैदानावर लिव्हरपूलचा सामना. ०-० असताना सालाहच्या पासवर लुईस दियासने गोल मारला आणि लाइन्समनने झेंडा वर केला: ऑफसाइड. स्टॉकली पार्कमध्ये बघितलं, रेघ ओढली. दियास चांगला मागे होता, गोल निर्विवाद. म्हणजे यंत्र बरोबर, डोळे बरोबर, रेघ बरोबर. फक्त खोलीतल्या माणसाच्या डोक्यात असं बसलं होतं की मैदानात गोल दिलेलाच आहे. त्याने कळवलं, तपासणी पूर्ण, सगळं ठीक. मैदानातल्या रेफरीने ऐकलं, सगळं ठीक, म्हणजे ऑफसाइड ठीक. फ्री किक झाली, खेळ सुरू झाला. काही सेकंदांत खोलीत रिप्ले चालवणाऱ्या माणसाच्या लक्षात आलं की घोटाळा झालाय. पुढच्या संभाषणाची ध्वनिफीत नंतर जाहीर केली गेली. ती ऐकली की पोटात कालवतं. थांबवा, थांबवा, असं एक जण सुचवतोय. आणि दुसरा म्हणतोय, आता काही करता येत नाही. खेळ पुन्हा सुरू झाला की मागे जायचं नाही, असा नियम. सत्य सगळ्यांना ठाऊक आणि सत्याचं करायचं काय हे कुणालाच ठाऊक नाही. लिव्हरपूलची दोन माणसं लाल कार्ड खाऊन बाहेर गेली आणि भरपाई वेळेत स्वतःच्याच बचाववाल्याच्या पायाने गोल खाऊन ते २-१ हरले. रेफरींच्या संस्थेने मोठी मानवी चूक झाल्याचं मान्य केलं. प्रशिक्षक क्लॉप यांनी सामना पुन्हा खेळवावा असं सुचवलं. पुतण्या दोन दिवस कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बोलला ते फक्त याच विषयावर.

मला त्याला सांगावंसं वाटत होतं की बाबा रे, तुला मिळालेली ही इस्टेट आहे. जन्मभर पुरेल. चुकीचे निर्णय पूर्वी असेच पिढ्यान्‌पिढ्या पुरत. १९६६च्या विश्वचषक अंतिम सामन्यात इंग्लंडच्या हर्स्टचा फटका आडव्या दांड्याला लागून खाली आला, तो रेषेच्या आत की बाहेर यावर इंग्रज आणि जर्मन अजून भांडतात. गोल आहे असं सांगणाऱ्या लाइन्समनला इंग्रज ‘रशियन’ म्हणत राहिले. ते तोफिक बहरामोव्ह होते, अझरबैजानचे. आज बाकूच्या एका स्टेडियमला त्यांचं नाव आहे. २००४ साली त्यांच्या पुतळ्याच्या अनावरणाला हर्स्ट स्वतः गेले होते. १९८६च्या विश्वचषकात मॅराडोनाने हाताने गोल केला तो ट्युनिशियाचे रेफरी अली बिन नासर यांनी दिला. २०१५ साली मॅराडोना त्यांच्या घरी जाऊन सही केलेला शर्ट देऊन आला. तो चेंडू बिन नासर यांच्यापाशीच होता. २०२२ साली लिलावात त्याचे २० लाख पौंड आले. चुकीला इतकी किंमत आली, कारण ती चूक एका माणसाची होती. त्याचा चेहरा होता, नाव होतं, त्याच्यावर चिडता येत होतं. आता चिडायचं तर कुणावर? मैदानातल्यावर, खोलीतल्यावर, खोलीतल्याच्या मदतनिसावर, रेघ ओढणाऱ्यावर, की ज्याने काखेची व्याख्या लिहिली त्याच्यावर?

आणि हे बाहेरच्या माणसाला विचारायचं प्रकरणही काही नवं नाही. इंग्लंडमध्ये पूर्वी प्रत्येक संघाचा एकेक पंच मैदानात असे आणि त्या दोघांचं जमलं नाही की बाहेर बसलेल्या तिसऱ्याला विचारत. तो बाहेरचा म्हणजेच रेफरी. १८९१ साली वैतागून त्याला आत घेतलं आणि त्या दोघांना झेंडे देऊन कडेला उभं केलं. सव्वाशे वर्षांनी पुन्हा एक माणूस बाहेर नेऊन बसवलाय.

आपल्या लोकांना यावर क्रिकेटचं उदाहरण हटकून सुचतं. क्रिकेटमध्ये चालतं, मग इथे का नाही? कॅमेऱ्याने बाद ठरलेला जगातला पहिला फलंदाज तर आपला सचिनच, १९९२च्या नोव्हेंबरात, डर्बनला. पण क्रिकेट हा थांबत थांबत खेळायचा खेळ आहे. दोन चेंडूंच्या मध्ये माणूस चहा पिऊ शकतो. फुटबॉलमध्ये ४५ मिनिटांत फक्त गोल झाल्यावरच काय ती थांबायची जागा, आणि ती ओरडण्यासाठी राखीव होती. नेमकी तीच व्हीएआरने घेतली.

यंत्र वाईट, असं माझं म्हणणं नाही. २०१०च्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या लॅम्पार्डचा चेंडू रेषेच्या चांगला आत पडून बाहेर आला आणि गोल दिला नाही. त्यातून गोलरेषेचं तंत्र आलं: चेंडू पूर्ण आत गेला की सेकंदाच्या आत रेफरीच्या मनगटावरचं घड्याळ थरथरतं. थांबणं नाही, रेघा नाहीत. तेही एकदा झोपलं. जून २०२०मध्ये व्हिलाचा गोलरक्षक चेंडू कवटाळून रेषेच्या आत गेला आणि घड्याळ गप्प. कंपनीने माफी मागितली, शेफिल्ड युनायटेडचा गोल गेला तो गेलाच, आणि त्या हंगामात व्हिला अवघ्या एका गुणाने वरच्या लीगमध्ये टिकली. तरी त्या घड्याळाविरुद्ध कुणी मोर्चा काढला नाही.

व्हीएआरविरुद्ध मात्र काढले. जुलै २०२४मध्ये नॉर्वेत रोसेनबोर्गच्या मैदानावर प्रेक्षकांनी माशांच्या वड्यांचा वर्षाव केला आणि सामना अर्धवट सोडावा लागला. तळलेली वडी फेकून द्यायची म्हणजे संताप किती असेल, हे कोकणी माणसाला वेगळं सांगायला नको. तरी पुढल्या मार्चमध्ये तिथल्या फुटबॉल संघटनेने व्हीएआर ठेवायचंच ठरवलं. स्वीडनमध्ये क्लबांचं बहुमत सभासदांच्या, म्हणजे चाहत्यांच्याच हातात असतं; त्यांनी ते घरातच घेतलं नाही. इंग्लंडमध्ये वुल्व्ह्‌स या क्लबने ते बंद करण्याचा ठराव आणला. ६ जून २०२४ला मतदान झालं, १९ विरुद्ध १. दर आठवड्याला तक्रार करणारे सगळे मालक ठेवा म्हणाले. कारण उघड आहे: आज आपला गोल काढून घेणारं यंत्र उद्या दुसऱ्याचाही काढेल, ही आशा कुणाला सुटत नाही.

आपल्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने होतात. पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर असले की पाय ठेवायला जागा नसते. तिथे रिप्ले म्हणजे गॅलरीतल्या कुणाच्या तरी मोबाइलवरचा, आणि तो ज्या पेठेचा मोबाइल त्या पेठेच्या बाजूचा. पण गोल झाला की आधी हलगी कडाडते. वाद नंतर.

माझं म्हणणं एवढंच आहे. गोलरेषेचं घड्याळ ठेवा. बाकीच्या तपासणीला एक मिनिट द्या, मोजून. खोलीतल्या माणसाला रेघा न ओढता, साध्या वेगाने बघू द्या. मिनिटाच्या आत त्याला चूक दिसली तर ती ढळढळीत, नाही दिसली तर मैदानातल्या रेफरीने सांगितलं ते कायम. काखेचं माप घेणं बंद. आणि खोलीत काय बोलणं चाललंय ते त्याच वेळी स्टेडियमभर ऐकू द्या. दियासच्या गोलाच्या वेळी तेवढं असतं तर साठ हजार माणसांनी ती चूक तिथल्या तिथे ओरडून दुरुस्त केली असती. एवढं केलं तर व्हीएआर राहू दे, माझी हरकत नाही. पुतण्याची आहे. त्याला दियासचा तो गोल परत हवाय.