स्वेटरच्या बदल्यात चहा

हातानं विणलेली भेट ही सगळ्यांत स्वार्थी भेट असते, असं माझं ठाम मत आहे आणि स्वतः विणणारी असल्यामुळे ते मी जबाबदारीनं मांडते आहे. दुकानातून शर्ट आणून देणारा माणूस तो देतो आणि विसरतो. विणणारी बाई विसरत नाही. पुढच्या प्रत्येक हिवाळ्यात, प्रत्येक सहलीच्या फोटोत ती आपला स्वेटर शोधत असते. तो दिसला तर "अय्या, अजून वापरतेस?" असं विचारते, आणि "हो, छान ऊब आहे" एवढ्या उत्तरावर तिचं भागत नाही. गळ्याची पट्टी, बाह्यांची उतरण, रंगसंगती या प्रत्येकावर वेगळा अभिप्राय हवा असतो. स्वेटर दिसला नाही तर "बसत नसेल गं तिला" असं ती स्वतःच म्हणते, पण अशा सुरात की समोरचीला उठून कपाट उघडून दाखवावंसं वाटतं. कौतुकाचे हप्ते आयुष्यभर वसूल करायच्या या व्यवहाराला आम्ही भेट म्हणतो. म्हणून माझं म्हणणं असं की आम्हा विणणाऱ्यांना कौतुकाची एवढीच भूक असेल तर स्वेटर वाटत सुटण्यापेक्षा स्वेटरचं डिझाईन विकावं. ते विकत घेणारी अनोळखी बाई पैसे मोजते, स्वतः विणते, आणि चुकलं तर दोष स्वतःच्या सुयांना देते.

मग स्वेटरच का विकू नये? हिशेब करून पाहा. मध्यम जाडीच्या लोकरीचा दहा सेंटिमीटरचा चौकोन विणला की आडवे बावीस टाके आणि उभ्या तीस ओळी बसतात. छाती शंभर सेंटिमीटर धरली तर घेराचे टाके झाले दोनशेवीस. उंची साठ सेंटिमीटर, म्हणजे एकशेऐंशी ओळी. दोन बाह्या मिळवल्या आणि गळा-मुंढ्याची घट वजा केली, तरी टाके पन्नास हजारांच्या घरात जातात. मिनिटाला पंचवीस टाके हा बरा वेग झाला. म्हणजे नुसत्या विणण्याला तेहेतीस-चौतीस तास; शिलाई, उसवाउसवी आणि मधे उठून कुकर बंद करणं धरलं की चाळीस. तासाला शंभर रुपये लावले तर मजुरीच चार हजार होते, लोकर वेगळी. तिकडे लुधियानाच्या कारखान्यांतून निघालेला स्वेटर थंडीत गावोगावच्या तिबेटी बाजारात टांगलेला असतो, आणि चार हजारांत घरातली सगळी माणसं झाकली जातात. त्या स्पर्धेत हातानं उतरणं हे शौर्य आहे, धंदा नव्हे. डिझाईनचं तसं नाही. ते एकदाच डोकं शिणवून लिहायचं आणि पुढे कितीही जणींना विकायचं.

या हिशेबात एक अपवाद केला पाहिजे, तो टोपड्याचा. थोडं विषयांतर होईल, पण टोपड्यावर जेवढं लिहिलं जायला हवं तेवढं अजून लिहिलं गेलेलं नाही. आमच्याकडे बाळंतविड्यात झबलं, दुपटं, कुंची यांच्याबरोबर लोकरीचं टोपडं नसेल तर बाळ जन्माला आल्याची नीट नोंद झाली असं कुणी मानत नाही. बाळ महाबळेश्वरला जन्मलं की ऐन वैशाखात मालवणला, हा प्रश्न गौण. "कानाला वारा लागेल" हे वाक्य ऐकल्यावर हवामानखात्याचे आकडे कुणी बघत नाही. पिवळं टोपडं, त्याला पांढरी महिरप, हनुवटीखाली बांधायला वळलेले बंद आणि बंदांच्या टोकांना दोन गोंडे. हे गोंडे बाळ चोखून चोखून असे करून ठेवतं की पुढे ते लोकरीचे होते हे सांगावं लागतं. विणणाऱ्यांना टोपडं इतकं प्रिय का, याचं कारण मात्र ममता नाही. ज्याला वाचा फुटलेली नाही असा गिऱ्हाईक फक्त तिथंच मिळतो. तो रडतो, नाही असं नाही, पण रडण्याचं कारण पोटदुखी ठरतं आणि टोपड्यावर कुणी संशय घेत नाही. पाच घरांतून पाच टोपडी येतात, डोकं एकच असतं, आणि कोण भेटायला येणार त्याप्रमाणे ती बदलली जातात. आणि तरीही, ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांच्या वासातून अंगठ्याएवढा एखादा मोजा हाती लागला की माझा वरचा सगळा युक्तिवाद लंगडा पडतो, हे मान्य. एवढा मोजा चार हजार रुपयांत बसवता येत नाही आणि चाळीस तासांतही. पण हा अपवाद झाला. सहा फुटी भाच्यांना तो लागू नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की विणकामात नवीन असतं काय? टाके मुळात दोनच, एक सुलट आणि एक उलट. आजीपासून सगळ्यांनी तेच घातले. यावर मी एलिझाबेथ झिमरमन यांना पुढे करते. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत विस्कॉन्सिनला स्थायिक झालेल्या या बाईंनी छातीचे टाके म्हणजे शंभर टक्के धरून मनगट, दंड, गळा यांचे टाके टक्केवारीत बसवून दिले. मनगटाला वीस टक्के घेतले की हात आत जातो. टाके तेच दोन, पण स्वेटर डोक्यानं विणता येऊ लागला. त्यांची गोल विणायची कृती एका मासिकानं तुकड्या-तुकड्यांत विणायची करून छापली, तेव्हा त्यांनी स्वतःचं पत्रकच काढलं. डिझाईन करणारीचा अहंकार असावा तर असा. आमचा बहुतेक वेळा फोटोखालच्या बदामांवर शांत होतो. आणि नवेपणा कुठे असतो ते जवळून बघायचं तर एकच वेणी घ्या. वेणीची वीण बारा टाक्यांवर फिरते. छातीचं माप पाच सेंटिमीटरनं वाढवलं की टाके वाढतात अकरा. त्या कमी पडलेल्या एका टाक्याचं काय करायचं, ही तूट काखेत लपवायची, टाका शेजारून उसना घ्यायचा की वेणीच बदलायची, आणि हे लहानापासून मोठ्यापर्यंत आठ मापांत कसं निभवायचं, याला डिझाईन म्हणतात. फुलं-पानं काय, कुणीही काढतं.

दुसरा आक्षेप जास्त भावनिक आहे, म्हणून जास्त धोक्याचा. "प्रेमानं केलेल्या गोष्टीचे पैसे घ्यायचे?" हा प्रश्न विचारणारी व्यक्ती सहसा स्वेटर घालून बसलेली असते. यावर माझा दाखला स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांचा आहे. तिथल्या बायकांच्या तलम शाली प्रसिद्ध होत्या, पण व्यापारी त्यांना रोख पैसे द्यायचे नाहीत. शालीच्या बदल्यात चहा आणि कापड द्यायचे. या पद्धतीची १८७२ मध्ये सरकारी चौकशी झाली आणि बायकांनी साक्षी दिल्या. पुढे १९२२ मध्ये इंग्लंडच्या युवराजानं सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ मैदानावर त्याच बेटांच्या फेअर आइल नक्षीचा स्वेटर घातला आणि फॅशन झाली. युवराजाचं नाव राहिलं. स्वेटर कुणी विणला हे किती जणांना ठाऊक आहे? इथं मात्र मला विनोद सुचेनासा होतो. बाईच्या वेळेला "फावला वेळ" म्हटलं की त्याची किंमत शून्य होते, आणि ती शून्य करणारे परके व्यापारी नसतात, आपलीच माणसं असतात. आजही चाळीस तासांचा स्वेटर हातात ठेवल्यावर विणणारीला मिळतं काय? "अगं बस ना, चहा टाकते." दर शेटलंडचाच आहे. कापड तेवढं बंद झालं.

कायद्याचा आधार घ्यावा तर तोही आमच्या वेगाची थट्टा करतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं पंधरावं कलम सांगतं की नोंदणी होऊ शकणारं पण न केलेलं डिझाईन वापरून मालकानं किंवा त्याच्या परवानगीनं दुसऱ्या कुणी यंत्रपद्धतीनं पन्नासाहून जास्त नग काढले की त्या डिझाईनवरचा कॉपीराइट संपतो. चाळीस तासांचा एक या दरानं, रोज तीन तास बसून, आम्हाला पन्नास स्वेटरांना पावणेदोन वर्षांहून जास्त लागतील. कारखाना चहाच्या सुट्टीआधी पन्नास काढतो. तेव्हा आमचा भरवसा कलमांवर कमी आणि गिऱ्हाइकाच्या भिडेवर जास्त. कुणाचं डिझाईन आवडलं तर "जरा कृती पाठव ना" असा निरोप धाडू नका, मैत्रिणीनं विकत घेतलेल्या कृतीची झेरॉक्स मागू नका. किंमत विचारा आणि द्या. आणि भेट मिळालेला स्वेटर विणणारीसमोर एकदा तरी घाला, मे महिना असला तरी.