ट्रॅक्टरची ओळख परेड

इटलीतल्या बोलोन्या शहरात १९६९ साली सुरू झालेलं ‘एइमा’ नावाचं शेतीयंत्रांचं प्रदर्शन आता दर दोन वर्षांनी नोव्हेंबरात भरतं. निफाडकडचा एक द्राक्षबागायतदार ते बघायला गेला, आणि तिकडेच नोकरीला असलेल्या त्याच्या इंजिनिअर भाच्याच्या पदरी पाहुणचार पडला. चकचकीत यंत्रं बघून मामांचं मन भरेना. ‘नव्या वस्तूचं काय बघायचं, ती चालणारच. वापरून जुनी झालेली दाखव,’ असा त्यांनी हट्ट धरला. भाच्याने गाडी काढली आणि उत्तरेला वाल्दोब्बियादेनेच्या डोंगरात नेलं. २०१९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या या टेकड्या अशा उभ्या, की गवताळ बांध घालून केलेल्या अरुंद पट्ट्यांवर वेली लावाव्या लागतात.

तिथल्या एका गोठ्यामागे ताडपत्रीतून एक निळं नाक बाहेर आलेलं मामांनी पाहिलं. मालक म्हातारा बाजूच्या बाकावर छाटणीच्या कात्रीला धार लावत बसला होता.

“कोणाचा रे हा ट्रॅक्टर?”

“या आजोबांचा.”

“अरे, कंपनी कोणती ते विचारतोय.”

भाच्याने ताडपत्री ओढली. बॉनेटवरचं नाव केव्हाच गेलं होतं, नावाच्या जागी चार भोकं तेवढी उरली होती.

“निळा म्हणजे सोनालिका,” मामा म्हणाले. “नाहीतर न्यू हॉलंड.” मग खिशातली किल्ली काढून त्यांनी रंग खरवडला. निळ्याखाली नारिंगी निघाला, नारिंगीखाली गंज. “हा तर पक्ष बदलत आलेला दिसतोय.”

“रंगावर जाऊ नका मामा. इथे उरलेल्या रंगात दार, कुंपण आणि ट्रॅक्टर एकाच दिवशी होतात.”

मामा गुडघ्यावर बसले आणि इंजिनावरची पितळी पट्टी रुमालाने पुसली. “सापडलं! लोंबार्दिनी!”

“ते इंजिनाचं नाव. रेज्जो एमिलियाची जुनी कंपनी. तिची डिझेल इंजिनं इथल्या कितीतरी ट्रॅक्टरवाल्यांनी विकत घेऊन बसवली. त्यावरून ट्रॅक्टर ओळखणं म्हणजे टायरवर एमआरएफ वाचून गाडी एमआरएफची ठरवणं.”

मामा जरा हिरमुसले. पण बागायतदार एका पट्टीवर हार मानत नाही. ते यंत्राभोवती फिरले आणि मागे येऊन थबकले. “याची मागची मोठी चाकं कुणीतरी विकून खाल्ली.”

“विकली नाहीत. मुळातच चारही सारखी असतात, आणि चारही ओढतात. आपल्याकडचा तो पंधरा एचपीचा युवराज घ्या. त्याची पुढची चाकं लहान, ती नुसती वळायला. ओढायचं काम मागच्यांचं. सपाट बागेत ते चालून जातं. या चढावर दोनच चाकांना जोर दिला तर ती जागच्या जागी माती उकरत बसतील.”

“आणि इंजिन असं पुढच्या चाकांच्याही पुढे का लोंबतंय?”

“मुद्दाम. अवजार नसताना साधारण साठ टक्के वजन पुढच्या चाकांवर असतं. मागे रोटाव्हेटर किंवा फवारणीचा ब्लोअर अडकवला की तोल बरोबर होतो. वजन मागेच असतं तर चढावर नाक आभाळाकडे गेलं असतं.”

मामांनी मान डोलावली. ब्लोअरची भरलेली टाकी घेऊन ट्रॅक्टरला नाक उचलताना त्यांनी निफाडच्या सपाटीवरही पाहिलं होतं.

“मग कंपन्या तरी सांग. मी ओळखतो.”

“फेरारी...”

“चेष्टा करू नकोस.”

“शप्पथ! लुत्झारा नावाच्या गावची ही फेरारी कंपनी, ट्रॅक्टर बनवते. मोटारवाल्या फेरारीशी तिचा काही संबंध नाही. आणि लॅम्बोर्गिनीने तर मोटारीच्या आधी ट्रॅक्टरच बनवले, १९४८ पासून.”

“पुढे.”

“फ्लॉरेन्सजवळची पास्क्वाली. कार्पीजवळची गोल्दोनी. मिलानकडची बीसीएस, ती १९४३ ची. तिने १९८८ मध्ये ही फेरारी घेतली, १९९९ मध्ये पास्क्वाली घेतली. त्यामुळे आता तेच यंत्र तीन नावांनी मिळतं. जर्मनीत होल्डर होती. तिचे पन्नासच्या दशकातले असेच छोटे ट्रॅक्टर साक्स कंपनीच्या टू-स्ट्रोक डिझेलवर फटफटत चालायचे. आणि पादोव्हाजवळची आंतोनियो कारारो.”

“कारारो? ती आपल्या रांजणगावातली! अॅक्सल बनवते. आमच्या गावचा एक पोरगा आहे तिथे.”

“ती वेगळी. घराणं एकच, गावही एकच, काम्पोदार्सेगो. एक कंपनी अॅक्सल आणि गिअरबॉक्समध्ये गेली, तिचा कारखाना रांजणगावला. आंतोनियो वेगळा झाला, त्याने छोटे ट्रॅक्टर धरले.”

“वाटण्या झाल्या म्हण की!” मामांचा चेहरा खुलला. परदेशात आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना घरच्यासारखं वाटलं.

आता भाच्याने त्यांना यंत्राच्या मध्यावर आणलं. इंजिनाचा अर्धा भाग आणि सीटचा अर्धा भाग यांच्यामध्ये एक जाड उभी खीळ होती. तिच्या वर-खाली ग्रीसची निपलं, बाजूला हायड्रॉलिक सिलिंडर, आणि सगळ्यावर वर्षानुवर्षांच्या काळ्या ग्रीसमध्ये चिकटलेली द्राक्षाची पानं. “ही खरी ओळख. पुढची चाकं वळतच नाहीत. स्टेअरिंग फिरवलं की हा सिलिंडर अख्खा ट्रॅक्टर कमरेत वाकवतो. खीळ बरोबर मध्यावर असली की मागची चाकं पुढच्यांच्याच चाकोरीतून येतात. शिवाय दोन्ही भाग एकमेकांपासून डावी-उजवीकडे कलतात. आंतोनियो कारारोच्या यंत्रांत पंधरा अंशांपर्यंत. एक चाक खड्ड्यात गेलं तरी बाकीची तीन जमिनीवर राहतात.”

खात्री करायला मामांनी खिळीपाशी बोट घातलं. नेमकं तेव्हाच, पाहुण्यांना हौस आहे असं समजून, म्हाताऱ्याने सीटवर बसून इंजिन चालू केलं होतं.

“आत्तेंतो!” म्हातारा ओरडला. भाच्याने मामांना दंडाला धरून मागे ओढलं.

“काय म्हणाला?”

“सांभाळून, म्हणाला. इंजिन चालू असताना या फटीत हात नाही, पाय नाही. दोन भाग मिटले की मध्ये जे असेल ते चिमटतं.”

म्हाताऱ्याने ट्रॅक्टर पुढे काढला आणि गोठ्याच्या अंगणात, निफाडला बैलगाडीही वळली नसती एवढ्या जागेत, गर्रकन फिरवून परत आणला. मामा बघतच राहिले. त्यांच्या डोळ्यांसमोर नऊ फुटांची गल्ली आणि तिच्या टोकाला ट्रॅक्टर वळवायला सोडलेली पडीक जागा होती. किती वेली बसल्या असत्या तिथे!

पण दुसऱ्या फेरीला त्यांच्या कपाळावर आठी आली. “थांब. हा ओळीत चाललाय, आणि वेलीला घासू नये म्हणून मी नाक बाहेर काढलं. तर मागचा भाग वेलीकडे जाणार. अवजार माझी वेल सोलून काढणार!”

भाचा गप्प झाला. हे त्याच्या कॅटलॉगमध्ये शेवटच्या पानावर होतं. “बरोबर आहे मामा. म्हणून तर कंपन्या एकच मॉडेल दोन तऱ्हांनी विकतात. बीसीएसमध्ये नावापुढे एआर असलं तर कमरेत वाकणारा, आरएस असलं तर नेहमीसारखी चाकं वळवणारा. उतारावर वाकलेल्या ट्रॅक्टरचा तोलही एका बाजूला जातो, म्हणून पुढे ही कमान, उलटलाच तर चालवणाऱ्याला वाचवणारी.”

“शिकलास हो इंजिनिअरिंग,” मामा म्हणाले. “आता कंपनी सांग.”

भाचा मागच्या भागाशी गेला. अवजाराला इंजिनाची ताकद देणारा पीटीओचा दांडा पाहिला, लिव्हर हलवला. “दोन तऱ्हेचा पीटीओ आहे. एक मिनिटाला ५४० फेऱ्यांचा, दुसरा चाकांच्या वेगाशी बांधलेला.”

“तो कशाला?”

“इथल्या काही ट्रॉल्यांच्या चाकांनाही ट्रॅक्टरमधून ताकद देतात. चढावर ट्रॉली स्वतःही ढकलते. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीचा वेग जुळायला हवा, म्हणून हा दुसरा पीटीओ.” त्याने गिअरबॉक्सवर ओतलेली अक्षरं बोटाने चाचपली. “पास्क्वाली! मडगार्ड गोल, लिव्हरच्या मुठी बेकेलाइटच्या. साठचं दशक.”

“साठ कुठलं? बॉनेट बघ. चौकोनी, कडा धारदार. माझा ८५ सालचा ट्रॅक्टर असाच होता. हा ऐंशीच्या पुढचा.”

“मामा, गिअरबॉक्स खोटं बोलत नाही.”

“आणि बॉनेट बोलतं होय?”

एक जण नाकाशी उभा, दुसरा शेपटाशी. नंबर शोधायचं ठरलं. मामांना पुढच्या भागावर एक ठोकलेला नंबर मिळाला, भाच्याला मागच्या भागावर. दोन्ही मोठ्याने वाचले. एकही आकडा जुळेना.

तेव्हा म्हाताऱ्याने इंजिन बंद केलं आणि कात्रीने आधी मागे, मग पुढे दाखवत लांबलचक काहीतरी सांगितलं. भाचा ऐकता ऐकता मटकन बाकावर बसला.

“काय म्हणतो?”

“मागचा अर्धा त्याच्या वडिलांचा, साठच्या दशकातला. त्याचं इंजिन बसलं. पुढचा अर्धा शेजाऱ्याचा, वीस वर्षांनी नवा. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बांधावरून खाली गेला, त्याचा मागचा भाग चेपला. शेजारी कमानीमुळे वाचला. दोघांनी मिळून मधला सांधा गावातल्या वर्कशॉपमध्ये जुळवून घेतला.”

“म्हणजे मीही बरोबर!” मामा म्हणाले. “आणि आरसी बुक कोणत्या अर्ध्याचं?”

भाच्याने विचारलं. म्हाताऱ्याने खांदे उडवले.

“मागच्या. म्हणतो, नंबर प्लेट मागे असते आणि पोलीसही मागूनच बघतात.”

मामा बराच वेळ त्या खिळीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “ही खीळ काढली तर दोन्ही भाग सुटे होतात का रे?”

“होतात. का?”

“वाटणीत ट्रॅक्टर एकच होता. तेव्हापासून तुझ्या थोरल्या मामाशी बोलणं बंद आहे. याला विचार, केवढ्याला देतो. पुढचा अर्धा मी घेतो, मागचा थोरल्याला.”

“इंजिन तुम्हाला आणि नुसता मागचा भाग त्यांना? ते कसे तयार होतील?”

“होईल की. सीट मागच्या भागात आहे. त्याला जन्मभर नुसतं बसायचंच होतं.”