पी हळद, हो लीडर

मोबाईल उघडला की जाहिरात हजर. नोकरी न सोडता, घरबसल्या, शनिवार-रविवारी चार तास बसून आरोग्यक्षेत्रातले ‘लीडर’ व्हा. तीन वर्षांची मुदत दीडवर आली, दीडची एकवर यायच्या बेतात आहे. फी हप्त्यांनी. फोटोत टाय लावलेले एक डॉक्टर हाताची घडी घालून उभे आणि मागे काचेचं हॉस्पिटल. हॉस्पिटलात रुग्ण एकही नाही. नेतृत्व चालू असताना मध्येच रुग्ण आले की फोटो बिघडतो.

घाईला आता राजमान्यताही आहे. 2024 च्या नोव्हेंबरात विद्यापीठ अनुदान आयोगाने वेगवान पदवीला मान्यता दिली. तीन वर्षांची पदवी पाच सत्रांत, चार वर्षांची सहा किंवा सात सत्रांत. पोरगं हुशार असेल तर त्याला उगाच कशाला अडकवून ठेवायचं, हा विचार काही वाईट नाही. पण आयोगाने ही मुभा दिली ती मोजक्या हुशारांना, तीही प्रवेशसंख्येच्या दहा टक्क्यांपुरती. बाजाराने ही अट मोठ्या मनाने सैल केली. तिथे पहिला हप्ता भरणारा प्रत्येक जण हुशार.

नोकरी करता करता शिकणाऱ्यांची टिंगल करण्याचा इथे हेतू नाही. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा रुग्णालय प्रशासनाचा कार्यकारी पदविका अभ्यासक्रम आहे, इग्नूचा रुग्णालय व्यवस्थापनाचा आहे. ते करून औषधाचं भांडार, बिलं आणि माणसांच्या पाळ्या धड लावायला शिकलेली मंडळी आहेत, आणि त्यांच्यामुळे रुग्णाचे हाल कमी झाले आहेत. व्यवस्थापन शिकवता येतं. घोडं पेंड खातं ते पुढे. व्यवस्थापनाच्या बाटलीवर आता नेतृत्वाचं लेबल लावलंय.

गंमत बघा. होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा कोर्स करून ॲलोपॅथीची औषधं लिहावीत की नाही, यावर 2025 च्या सप्टेंबरात राज्यातल्या डॉक्टरांनी एक दिवसाचा संप केला. औषधं शिकायला एक वर्ष पुरत नाही, असं त्यांचं म्हणणं. मान्य. मग वर्ष-दीड वर्षात सगळा दवाखाना, त्यातली माणसं, तिथला पैसा आणि तालुक्यातलं राजकारण सांभाळायला शिकवतो म्हणणाऱ्यांवर कुणी चकार शब्द का काढला नाही? बहुधा ॲम्पिसिलिन चुकीचं दिलं तर रुग्ण दगावतो आणि नेतृत्व चुकीचं दिलं तर फक्त जिल्हा दगावतो, म्हणून असेल.

जिल्ह्यावरून नंदुरबार आठवलं. 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झालेला सहा तालुक्यांचा हा जिल्हा. दहातली सात माणसं आदिवासी. इथे शुभारंभ फार होतात. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 ला शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, पंतप्रधान आले होते. 2018 मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तिच्यातही नाव लागलं. वैद्यकीय महाविद्यालय मात्र यायला 2020 उजाडलं. आणि या सगळ्यानंतरही धडगाव-अक्कलकुवा पट्ट्यातल्या कित्येक पाड्यांवरून आजारी माणूस बांबूला बांधलेल्या झोळीतूनच खाली येतो. वर्तमानपत्रवाल्यांनी त्या झोळीला ‘बांबुलन्स’ असं चटपटीत नावही ठेवलं आहे. नाव ठेवून झालं की प्रश्न अर्धा सुटतो, अशी आपली जुनी श्रद्धा.

2021 च्या सप्टेंबरात याच जिल्ह्यातल्या चांदसैली घाटात दरड कोसळली, रस्ता बंद झाला, आणि आजारी बायकोला खांद्यावर टाकून निघालेल्या नवऱ्याची बातमी राज्यभर छापून आली. बायको वाचली नाही. त्या नवऱ्याला कुठल्या कोर्सचा उपयोग झाला असता, हे जाहिरातवाल्यांनी सांगावं.

आता त्याच डोंगरातला एक पाडा डोळ्यांपुढे आणा. घरं टेकडीगणिक एक. शेजारी गाठायचा म्हटलं तरी ओढा उतरून पुन्हा चढण. गावच्या आशा स्वयंसेविका, म्हणजे आशाताई, बाळंतपणानंतरच्या सातव्या दिवसाच्या भेटीला पोचल्यात. बाळाला झोळीच्या काट्याला टांगून वजन घेतलं, काखेत थर्मामीटर लावलं, मग अंगावरचं फडकं बाजूला करून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजायला बसल्या. मध्ये बाळ रडलं. पुन्हा पहिल्यापासून. आकडा साठ किंवा वर गेला की धोका, हे त्यांना पाठ आहे. आज अडुसष्ट.

सासू म्हणते, रात्री बडव्याला, म्हणजे भगताला, दाखवू. नवरा गुजरातेत ऊसतोडीला, तो होळीला येईल. घरातला शब्द सासऱ्याचा, आणि सासरा गुरांमागे रानात. ताई बडव्याला नावं ठेवत नाहीत. ‘त्याचं पण होऊ दे आजी, पण दवाखान्याच्या वाटेवर होऊ दे,’ एवढंच पावरी बोलीत म्हणतात. मग सासऱ्याला शोधायला पोर पिटाळायचं. ओली बाळंतीण उतारावरून कशी चालेल, म्हणून झोळीला चार खांदे जमवायचे. रेंजसाठी समोरच्या टेकडीवर चढून रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन लावायचा. गाडी डांबरी रस्त्यापर्यंत येईल, त्याच्या पुढे नाही, हे पलीकडून ऐकून घ्यायचं. आणि खाली आरोग्य केंद्रात डॉक्टर आहेत ना, याची नर्सबाईंकडून खात्री करून घ्यायची.

लीडरच्या कोर्समध्ये या कामांना भारदस्त नावं आहेत. स्टेकहोल्डर मॅनेजमेंट, रिसोर्स मोबिलायझेशन, क्रायसिस कम्युनिकेशन. प्रत्येकाचा वेगळा पेपर, वेगळी फी. आशाताईंनी तिन्ही पेपर एका दुपारीत सोडवले. चौथा पेपर म्हणजे भरायचा तक्ता. तो रात्री घरी, बॅटरीच्या उजेडात. कारण मोबाईलवरच्या गटात सकाळीच मेसेज पडलेला असतो: माहिती तात्काळ सादर करावी, दिरंगाई झाल्यास जबाबदारी आपली राहील. हा मेसेज ज्याने टाकला, त्याचं नेतृत्व सुरू आहे आणि ते सुरक्षित आहे.

बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर बेचाळीस दिवसांत अशा सहा भेटी. ठरलेला मोबदला सहांचे मिळून अडीचशे रुपये. म्हणजे भेटीला एक्केचाळीस रुपये आणि वर काही पैसे. लीडर बनवणाऱ्या कोर्सची प्रवेशपरीक्षाही एवढ्यात होत नाही.

आणि आता याच गोष्टीचा दुसरा अंक. 2022 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांना पुरस्कार दिला. पुरस्काराचं नाव ‘ग्लोबल हेल्थ लीडर्स’. दिल्लीपासून गल्लीपर्यंत सत्कार झाले, शाली वाटल्या गेल्या. म्हणजे जी पदवी मिळवायला लोक हप्ते भरतायत, ती जिनिव्हाहून आशाताईंना घरपोच आली. देशी कागदावर मात्र त्या अजून स्वयंसेविकाच. पगार नाही, मोबदला. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. 2024 च्या सुरुवातीला राज्यातल्या या जागतिक लीडर आझाद मैदानात थंडीवाऱ्यात बसल्या, तेव्हा कुठे मार्चमध्ये पाच हजारांची वाढ पदरात पडली. जगात दुसरा कुठला लीडर मागणीसाठी सतरंजी घेऊन बसतो?

नंदुरबारात नेतृत्वाचा दुष्काळ आहे असं कुणी म्हणत असेल तर त्याने नर्मदेकाठी जाऊन यावं. कोरोनाच्या काळात, 2020 मध्ये, चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे पाड्यांवरची बाळं आणि गरोदर बाया केंद्रावर येईनात म्हणून स्वतः होडी वल्हवत त्यांच्याकडे जात होत्या. जाऊन-येऊन अठरा किलोमीटर. कुणी आदेश काढला नव्हता. होडीसुद्धा मागून आणलेली.

त्याच काळात जिल्हाधिकारी होते डॉ. राजेंद्र भारूड, साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, स्वतः भिल्ल समाजातले, एमबीबीएस झालेले. दुसरी लाट यायच्या आधीच त्यांनी जिल्ह्यात ऑक्सिजनचे प्रकल्प उभे केले, आणि मोठमोठी शहरं सिलिंडरसाठी धावत होती तेव्हा नंदुरबारचं नाव देशभर गाजलं. नेतृत्वाचा कोर्स केल्याचं त्यांच्याबद्दल कुणी ऐकलं नाही. डॉक्टर असल्याने पुढचं दिसलं, हे खरं. पण नुसतं दिसून काय होतं? फाईलवर सही करायचा अधिकार हातात होता, म्हणून दिसलेलं उभं राहिलं. आणि 2021 संपायच्या आत त्यांची बदली पुण्याला झाली. आपल्याकडे चांगल्या अधिकाऱ्याची बदली पावसासारखी असते, वेळ चुकते पण येते.

सगळी मेख इथेच आहे. सातपुड्यात जिला कळतं आणि जी तिथेच राहते, तिला सहीचा अधिकार नाही. ज्याला अधिकार आहे, तो राहत नाही. यातली कुठली उणीव दीड वर्षाचा ऑनलाइन कोर्स भरून काढतो? तो फक्त तिसऱ्या जातीचा माणूस तयार करतो, ज्याच्याकडे प्रमाणपत्र आहे आणि जो नाशिक-पुण्यातल्या कॉर्पोरेट रुग्णालयात मुलाखतीला निघाला आहे. धडगावच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने ही पदवी घेतली, तर आरोग्य केंद्राला काय मिळेल? एक रिक्त पद.

बरं, दुर्गम भागातल्या कामाची किंमत व्यवस्थेला ठाऊक नाही असंही नाही. डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या नियमांत तशी सोय केली गेली होती. दुर्गम भागात नोकरी केली की वर्षाला दहा टक्के, जास्तीत जास्त तीस टक्के वाढीव गुण देता येतील, अशी. म्हणजे धडगावात तीन वर्षं काढली की ती गुणपत्रिकेत दिसू शकतात. फक्त ती डॉक्टरने काढलेली असली पाहिजेत. आशाताईंनी त्याच वाटेवर पंधरा वर्षं काढली, तर ती चपलेच्या तळव्यावर दिसतात, बाकी कुठे नाही.

शिक्षणाचा खरा उपयोग बघायचा तर राज्याच्या दुसऱ्या टोकाला जावं लागतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकले आणि 1986 मध्ये गडचिरोलीत येऊन राहिले. तिथल्या 39 गावांत त्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, आणि नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी खाली आला. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं, पुढे देशाने ती पद्धत उचलली. आशाताई आज मिनिटभर घड्याळ बघत श्वास मोजतात, ते तिथून आलंय. इतक्या मोठ्या विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी केलं काय, तर आपलं ज्ञान गावातल्या बाईच्या हातात देऊन टाकलं. हल्लीच्या लीडरला हे सांगून बघा. तो विचारील, याने माझ्या प्रोफाइलमध्ये काय भर पडणार?

म्हणून एक सूचना. काम करणाऱ्या प्रौढांसाठी वेगवान पदवी काढायचीच आहे ना? मग काम कुणी केलंय ते आधी बघा. 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक चौकटीत अनुभवालाही क्रेडिट देण्याची तरतूद आहे. कागद तयार आहे, नवा कायदा करावा लागत नाही. पंधरा वर्षं पाड्यांवर फिरलेल्या आशाताईंचे आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक बाईंचे क्रेडिट मोजायला घ्या. घरभेटी, लसीकरण, रात्री-अपरात्री खाली आणलेल्या बाळंतिणी, ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबांच्या याद्या. पहिल्याच सत्रात त्यांची पदवी पुरी होईल आणि चार क्रेडिट उरतील. वर्ग तिथेच डोंगरात, मोलगीला भरवा. शिकवायला त्याच बायांना बसवा. आणि शिकायला बोलवा, रोज सकाळी ‘तात्काळ’ म्हणून मेसेज टाकणाऱ्यांना. मुदत हवी तितकी वेगवान ठेवा. उतार आहे, वेग आपोआप येतो.

पण असा कोर्स निघायचा नाही. कारण शैक्षणिक नाही, हिशेबी आहे. आशाताईंचं काम एकदा क्रेडिटमध्ये मोजलं की त्यांना पदवीधर म्हणावं लागेल. पदवीधर म्हटलं की पद द्यावं लागेल, पद दिलं की पगार, आणि पगाराच्या मागोमाग तोंड वर करून बोलायचा हक्क. त्यापेक्षा दर काही वर्षांनी एक पुरस्कार परवडतो. एवढं गणित मंत्रालयात सगळ्यांना येतं, आणि तेही कुठलाच कोर्स न करता.