तुमची दोरी इंजिनात होती

वहिनी, ओ वहिनी! जरा कुंपणापाशी या. नाही, विरजण नकोय, लिंबंही आहेत घरात. तुमची दोरी परत करायला आलेय. रविवारी नेली होती ना, कपडे वाळत घालायची, निळी नायलॉनची? ही ती नव्हे, ही नवीन आणलीय. जुनीला ऑइल लागलं, आता तिच्यावर पांढरं काही टाकायची सोय नाही. हसता काय! तुमची दोरी रविवारी दुपारभर आमच्या गाडीच्या इंजिनात होती. बाहेरून बांधलेली नव्हे, आत. सिलिंडरमध्ये!

मेथीची जुडी घेऊनच आलेय. अर्धी तुम्ही निवडा, अर्धी मी निवडते, तेवढ्यात सगळं सांगून होईल.

आमची गाडी तुम्हाला माहीतच आहे. 1997 ची मारुती 800, कार्बोरेटरवाली. घेतली तेव्हा पांढरी होती, आता सायीच्या रंगाची झालीय. 2012 ला पंधरा वर्षं भरली तेव्हा ह्यांनी पासिंग करून आणलं, मग 2017 ला, मग 2022 ला, दर वेळी ग्रीन टॅक्स भरून. विकू या म्हटलं की ह्यांचं तोंड असं होतं, जणू मी सासूबाईंनाच बाजारात काढलंय.

तर गणपती झाले आणि गाडी गचके खायला लागली. सकाळी चालू केली की नुसती थरथर. बाजारातून हळू न्यावी तर मधेच ठेच लागल्यासारखी अडखळायची. अ‍ॅक्सिलरेटर दिला की क्षणभर काहीच नाही, मग एकदम उडी. मिसिंग म्हणतात त्याला. आणि सकाळी तुमच्या जास्वंदीवर तरंगत यायचा तो निळसर धूर आमचाच हो. तुम्ही शेजारधर्म म्हणून बोलला नाहीत इतकंच.

मग सल्ल्यांना काय तोटा! धाकट्या भाऊजींनी पुण्यातून फोनवर सांगितलं, कॉइल गेली. कॉइल बदलली. ह्यांच्या मित्राने सांगितलं, कार्बोरेटरमध्ये कचरा आहे. तोही साफ झाला. आणि दर वेळी तीन नवे प्लग. नवे प्लग टाकले की आठ दिवस गाडी अशी गुळगुळीत चालायची की हे शीळ घालत घरी यायचे. नवव्या दिवशी येरे माझ्या मागल्या. प्लग काढावा तर मधला काळाकुट्ट, ऑइलने माखलेला. शेवटी एका गॅरेजात नेली. नाव नाही घेत, गावात राहायचंय. त्याने बॉनेट उघडलं, एकदा रेस केली आणि सांगितलं, "काकू, रिंग-पिस्टन गेलेत. इंजिन खोलावं लागेल. 35 हजार." गाडी विकली तरी तेवढे यायचे नाहीत! हे दोन दिवस जेवले नाहीत नीट.

मग मी माझ्या मामांना बोलावलं, भुईंजहून. उभी हयात मुंबईत कुर्ल्याला पद्मिनी टॅक्स्या दुरुस्त करण्यात गेली त्यांची. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली 29 ऑक्टोबर 2003 ला, आणि वीस वर्षं भरल्यावर 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईत एकही उरली नाही. या दोन तारखा मामांना नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा पक्क्या पाठ आहेत.

मामांनी आल्या आल्या पाना नाही मागितला, रद्दी मागितली. गाडी चालू करून स्लोवर ठेवली आणि रबरी मुठीच्या पकडीने प्लगच्या टोप्या एकेक करून काढायला लागले. पहिली काढली, इंजिन लगेच मरगळलं. परत लावली. तिसरी काढली, तसंच. मधली काढली तर काही फरकच नाही! म्हणजे ती बाई आधीच काम टाकून बसलेली. तीनच तर सिलिंडर, त्यातला एक गेला म्हणजे घरातली तिसऱ्या हिश्श्याची कमाई गेली. गाडी अडखळणार नाही तर काय करेल?

मग तिन्ही प्लग काढून रद्दीवर ओळीने मांडले, ज्या भोकातला त्याच जागी. बाजूचे दोन्ही छान बिस्किटाच्या रंगाचे. मधला ओला, काळा, चकचकीत. मामा म्हणाले, "आधी ऑइल कुठे आहे ते बघ. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं तर ते बाहेरून ओघळतं आणि प्लगच्या वरच्या अंगाला, पांढऱ्या चिनी मातीवर बसतं. ते स्वस्तातलं दुखणं. हे टोकावर आहे, म्हणजे आतून आलंय." मग मला बोटाने चोळून बघायला लावलं. पेट्रोल असेल तर वास मारतं आणि उडून जातं. पेट्रोल जास्त जळत असेल तर काजळीसारखा कोरडा थर धरतो, तेव्हा चोक नाहीतर कार्बोरेटर बघायचा. हे बोटावर तसंच राहिलं, बुळबुळीत. ऑइलच. आणि ठिणगी का पडत नाही, तर प्लगच्या टोकाला मिलिमीटरपेक्षाही कमी फट असते, तिच्यावरून विजेने उडी मारायची. पण शेजारी ऑइल-काजळीची ओली वाट तयार असल्यावर ती उडी कशाला मारतेय! घसरत जाते आणि इंजिनाच्या अंगात जिरते.

हे म्हणाले, "मग नवीन प्लग टाकू." मामांनी ह्यांच्याकडे असं बघितलं म्हणता! म्हणाले, "जावईबापू, किती भाडेकरू बदलणार?"

तुम्हाला ती कोपऱ्यावरच्या वाड्यातली मधली खोली आठवते? तीन भाडेकरू गेले आणि मालकीणबाई दर वेळी म्हणायच्या, भाडेकरूच घाणेरडे, भिंतीला बुरशी आणतात. शेवटी कळलं, वरच्या मजल्यावरची मोरी गळत होती. अगदी तस्संच. मामांनी मधला प्लग पुसून पहिल्या भोकात लावला, पहिला मधल्यात. हे साताऱ्याला जाऊन आले. काढून बघतो तर मधल्या भोकात गेलेला चांगला प्लग ओलाचिंब आणि बाहेर आलेला वाळायला लागलेला. भाडेकरूचा दोष नाही, खोलीलाच ओल.

आता प्रश्न एवढाच, की ओल खालून येतेय की वरून? खालून म्हणजे रिंगा झिजल्या आणि पिस्टनच्या कडेने ऑइल वर चढतंय. ते 35 हजारांचं काम. वरून म्हणजे वॉल्व्हच्या दांडीवर रबराची छोटी टोपी असते, वॉल्व्ह सील, ती कडक झाली की दांडीवरून ऑइल आत ठिबकतं. ते काही शेकड्यांचं.

मामांनी सिलिंडरमधला दाब मोजायचा गेज आणला होता. तिन्ही प्लग काढून, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारला. पहिल्यात 160, तिसऱ्यात 160, मधल्यात 150. मग माझा चमचा घेऊन मधल्यात थोडं ऑइल ओतलं आणि परत मोजलं. रिंगा गेल्या असत्या तर त्या ऑइलने फट बुजून काटा चांगला वर गेला असता. गेला नाही. गाडी चालू ठेवून ऑइलच्या झाकणावर हात धरला, तिथून भसाभसा वारा आला असता तर बॅक कॉम्प्रेशन. तेही नाही. चमचा मात्र गेला माझा.

पण मामांचं समाधान होईना. म्हणाले, "पाचगणीला जाऊ." मला वाटलं स्ट्रॉबेरी खायला! तर मला मागच्या सीटवर मागे तोंड करून बसवलं. पसरणीचा घाट चढताना म्हणे बघ, धूर येतो का. इंजिन ताकद लावत होतं तरी नाही आला. उतरताना ह्यांनी दुसरा गियर टाकला आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला. सगळा घाट तसाच उतरलो. खाली आल्यावर मामा म्हणाले, "आता दाबा." अहो, मागे निळा ढगच! मागचा मोटारसायकलवाला हात हलवून काहीतरी बोलला, ते ऐकू आलं नाही हे बरंच. मामा मात्र खूश. पाय काढला की इंजिन आत जोरात ओढ घेतं, सील सैल असलं की त्या ओढीने दांडीवरचं ऑइल आत उतरतं, आणि अ‍ॅक्सिलरेटर दिला की ते सगळं एकदम जळतं. सकाळचा तुमच्या जास्वंदीवरचा धूरही त्यातलाच, रात्रभर ठिबकलेला. वरची मोरी सापडली.

आता तुमची दोरी. सील बदलायला वॉल्व्हवरची स्प्रिंग काढावी लागते. स्प्रिंग काढली की वॉल्व्ह खाली सिलिंडरमध्ये पडतो, मग हेड उतरवण्याला पर्याय नाही. मामांनी अंगणात इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "चांगली गुळगुळीत नायलॉनची दोरी आहे का? सुतळी नको, तंतू आत राहतात." मग मी तुमच्याकडे पळत आले. पिस्टन थोडं खाली ठेवून प्लगच्या भोकातून दोरी आत सारत गेले, सुईत ओवावी तशी, चांगली चार-पाच हात. टोक बाहेर ठेवलं. मग पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. पिस्टन वर आलं, दोरीचा गुंडा झाला आणि त्याने दोन्ही वॉल्व्हना खालून उशीसारखा टेकू दिला. हेड जागच्या जागी!

मी बॅटरी धरून उभी. स्प्रिंग दाबली की आत तांदळाच्या दाण्यांपेक्षा जरा मोठे असे दोन लॉक असतात, ते चुंबकाने उचलायचे. त्यातला एक टण्णकन उडाला आणि कुंपणापलीकडे तुमच्या अळूत पडला. अर्धा तास वाकून शोधत होते मी! तुम्ही खिडकीतून बघितलंत ते मला दिसलं, काय वाटलं असेल तेही कळलं. जुनं सील हातात घेतलं तर सुपारीसारखं टणक, नखाने दाबलं तर तुकडा पडला. तिन्ही सिलिंडरची मिळून सहा सीलं बदलली. सीलं आणि टॅपेट कव्हरचं पॅकिंग मिळून खर्च 700 रुपयांच्या आत. मजुरी म्हणाल तर मामांनी दोन वेळ पिठलं-भाकरी खाल्ली आणि ह्यांना जन्मभर पुरेल एवढं ऐकवलं.

नवा प्लग टाकू दिला नाही हं मामांनी. तोच काळा प्लग पेट्रोलने घासून, ब्रशने साफ करून मधल्या खोलीत परत बसवला. म्हणाले, "ओल गेली की नाही ते हाच सांगेल. आणि कुणी गरम नंबरचा प्लग टाका म्हणालं तर ऐकू नका, तो ऑइल जाळून टाकतो आणि गळती झाकतो." पहिले दोन दिवस सायलेन्सरमधलं जुनं ऑइल जळून थोडा धूर आलाच. आज सकाळी ह्यांनी प्लग काढला आणि रद्दीवर ठेवून मला हाक मारली. बिस्किटाच्या रंगाकडे निघालाय, वहिनी! ह्यांनी तो चहाच्या कपाशेजारी ठेवून किती वेळ बघितला म्हणून सांगू. आमच्या लग्नात मला एवढं बघितलं नव्हतं.

बरं, तुमच्या जास्वंदीवर आज काही आलं नाही ना? नाही ना? झालं तर मग. ही घ्या दोरी, जुनीपेक्षा हातभर लांबच आणलीय. आणि वहिनी, एवढं बोलणं झालंच आहे तर चार अळूची पानं द्याच. त्या दिवशी मनात आणलेला आळ तरी खरा होऊ दे.